ओहोटीची फळी

ओहोटी लागली की फेरीबोटीचा रॅम्प
धक्क्याला नीट टेकत नाही.
वीतभर फट राहते, कधी हातभर.
मग मी फळी टाकतो.
स्कूटर जाते, पाववाल्याची सायकल जाते,
डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सेबास्तियाना जाते,
एकदा गाभण गाय गेली, तिला तर मी पाठीवर हात ठेवून नेली.
आजवर कुणाला विचारलं नाही
फळी कशाला पाहिजे, दाखला आणलाय का.

तन्मयीच्या शाळेत विचारतात.

पाचवीचा वर्ग वर आहे. बावीस पायऱ्या.
सकाळी ती कठडा धरून मोजत चढते
आणि चौदावीवर
आकडा विसरल्यासारखी थांबते.
संधिवात, असं बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय.
शेजारची काकी हसलीच, ‘अगो, तो म्हाताऱ्यांचो रोग!’
दहा वर्षांची आहे.
उठल्या उठल्या तिची बोटं
पौषात गोठलेल्या खोबरेल तेलासारखी असतात.
बाटली उन्हात ठेवावी तशी मी ती
गरम पाण्याच्या तांब्याला लावून धरतो.
मग वेणी. मीच घालतो. वाकडी येते.
शनिवारी सुई, रविवारभर ओकाऱ्या,
आणि सोमवारी गृहपाठ नाही म्हणून
बाकाशेजारी उभं राहायचं.

हेडमास्तर वाईट नाहीत. पंखा माझ्याकडे वळवला.
म्हणाले, ‘मधल्या सुट्टीत धावते ती. मी पाहिलंय.’
धावते. अकरा वाजले की सांधे सुटतात.
नदी सकाळी चिखल दाखवते
आणि दुपारी काठोकाठ भरते,
म्हणून सकाळचा चिखल खोटा काय?
हे मला तिथं सुचलं नाही.
तिथं मी म्हणालो, ‘हो सर.’
सुचलं ते परतताना, साखळी ओढता ओढता.

अर्ज मी बोटीवरच लिहिला.
एका फेरीत एक वाक्य व्हायचं.
‘माझी मुलगी आजारी आहे’, खोडलं.
‘माझी मुलगी हुशार आहे, पण’,
त्यातला ‘पण’ खोडला, तर वाक्य पुरं झालं.
‘कृपा करून’ तीनदा आलं होतं.
रोज साडेसातच्या फेरीला असणाऱ्या लविना टीचरनी
पर्समधून पेन काढलं, दोन ठिकाणी रेघ मारली.
‘एक रावूं दी,’ म्हणाल्या.
उरलं ते एवढं:
वर्ग खाली आणावा. पहिल्या तासाला उशीर झाला तर चालवून घ्यावा.
परीक्षेत वीस मिनिटं जास्त द्यावीत,
तिला उत्तर येतं, पेन धरता येत नाही.

अर्ज जूनमधला. चवथ होऊन गेली,
माटोळीतल्या सुपाऱ्याही सुकल्या,
तेव्हा बाबुसो शिपायानं दहावीच्या दोन पोरांना हाताशी घेऊन
पाचवीची बाकं खाली आणली.
लायब्ररी वर गेली.
उशीर चालेल म्हणाले, तोंडी.
वीस मिनिटांचं वरून विचारावं लागेल.
वरून म्हणजे कुठून, ते मी अजून विचारतोय.

मला वाटलं होतं, त्या दिवशी ती उड्या मारत येईल.
दप्तर ठेवून गप्प बसली.
‘वरच्या खिडकीतून नदी दिसायची.
तुमची बोट यायची जायची.
खाली नुसती भिंत आणि एक जास्वंद.
सगळी म्हणतात, तुझ्यामुळे.’

यावर अर्ज कुणाला करायचा?

रात्री गुडघ्यांना तेल लावताना म्हटलं,
‘दहाच्या फेरीला भोंगा वाजवायला सांगू मास्टरला?
तुला कळेल, मी मध्यावर आहे.’
‘नको. सगळे माझ्याकडे बघतील.’
मी दुसरा गुडघा घेतला.
झोपली असं वाटलं तेव्हा
भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
‘धुकं असेल त्या दिवशी वाजवा.
त्या दिवशी तो सगळ्यांसाठीच वाजतो.’